सोनखताचे ओटे

या आजाराबद्दल लिहायला बसले की तोंडाला पाणी सुटतं. चांगल्या अर्थानं नाही, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं. म्हणून ताट पुढ्यात घेऊन हे वाचत असाल तर आधी जेवून घ्या. कुणाची भूक मारायची मला हौस नाही. पण माझ्यासारखीच एखादी बाई आत्ता दवाखान्याच्या खाटेवर पडून छताकडे बघत असेल, तिच्यासाठी लिहितेय. तिला सगळे सांगतील, घाबरू नकोस, बरी होशील. ते खरंच आहे, होशील. किळसेबद्दल मात्र तिला कुणी चकार शब्द सांगणार नाही, आणि मला भीतीपेक्षा किळसेनंच जास्त छळलं.

मी अश्विनी. सासर वरवंडजवळच्या वस्तीवर, माहेर भीमेपलीकडे वडगाव रासाईला. कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. नवरा महेश तिथंच दुसऱ्या कंपनीत शिफ्टला जातो. घरात सासरे, सासूबाई आणि नणंद स्नेहल. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या.

आणि आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. हे आताच सांगून ठेवते, कारण यावरून पुढं बराच तमाशा झाला.

पडले तो दिवस

आमच्या कंपनीत आत जायच्या आधी बांगड्या, घड्याळ, टिकली, सगळं काढून ठेवावं लागतं. मग हेअरनेट, मास्क, पांढरा गाऊन. मग हात कोपरापर्यंत धुवायचे. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट, सगळं कसं घासायचं याची चित्रं बेसिनवर लावलेली आहेत. मी ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून इमानेइतबारे पाळत आलेय. माझ्या हातांइतके स्वच्छ हात आमच्या पंचक्रोशीत कुणाचे नसतील.

त्या दिवशी हात धुता धुता डावा अंगठा आपोआप उडायला लागला. मी उजव्या हातानं तो दाबून धरला. तो थांबेना. मग पूर्ण हात उडायला लागला आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी फरशीवर होते. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव होती, गाऊन ओला झाला होता. आणि नाकाला कुणीतरी सेफ्टी शूज दाबून धरला होता. आपल्याकडे फिट आली की चप्पल हुंगवतात ना, तेच. कंपनीत चप्पल नसते म्हणून बूट. दिवसभर कुणाच्या तरी पायात घामेजलेला बूट. मेंदूचं काय झालंय हे मला अजून माहीत नव्हतं, पण त्या बुटाचा वास अजूनही आठवतो. बायांनो आणि बाप्यांनो, हात जोडून सांगते, कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागेलसं काही असेल तर बाजूला करा, तोंडात काही कोंबू नका आणि तुमची पायताणं तुमच्या पायातच राहू द्या.

दौंडच्या एका दवाखान्यात नेलं. एमआरआयसाठी पुण्याला नेऊन परत आणलं. फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत एक छोटी गाठ दिसतेय."

गाठ म्हटल्यावर महेश भिंतीला टेकला. आत्यांनी पदर तोंडात धरला. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच हात वर केला. "अहो थांबा, कॅन्सर नाही. जंताची गाठ आहे. गोळ्यांनी बरी होते."

आम्ही सगळे एकदम हसलो. खरंच हसलो. जंत काय, लहान पोरांना होतात. मग बाईंनी सांगितलं की हा पट्टकृमी, डुकरातून येतो तो.

"डुकराचं?" आत्या उभ्याच राहिल्या. "आवं बाई, आमच्यात कोंबडं कापत न्हाईत. डुकराचं कुठनं आलं?"

बाईंनी समजावून सांगितलं. डुकराचं कच्चंपक्कं मांस खाणाऱ्याच्या पोटात तो जंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती अंडी मातीतून, पाण्यातून, भाजीवरून दुसऱ्याच्या तोंडात गेली की पोटात फुटतात आणि त्यातल्या अळ्या रक्तातून थेट मेंदूत जाऊन बसतात. दुसऱ्यानं कधी मांसाला हात लावलेला नसला तरी.

मी विचारलं, "म्हणजे कुणाची तरी घाण माझ्या पोटात गेली?"

"डोळ्यांना दिसणार नाही इतकी," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, यानं मला बरं वाटेल.

मी खाटेखालचं भांडं ओढेपर्यंत उशीर झाला होता.

खाटेवरचे दिवस

औषधांचं मी सांगत बसणार नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. एवढंच सांगते की मेडिकलमधून जंताची गोळी आणून स्वतःच्या मनानं घेऊ नका. मेंदूतला जंत मरताना आजूबाजूला सूज आणतो, तिचं औषध आधी लागतं. आणि फिटच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

सुजेच्या औषधानं भूक लागते. साधी नाही, राक्षसी. पोट सारखं मागतंय आणि मनाला प्रत्येक घासाची शिसारी येतेय, अशी माझी अवस्था होती. खिचडीचं ताट आलं की मी आधी वरची कोथिंबीर एकेक पान करून वेचून काढायची. मग पान जिथं टेकलं होतं तिथला भात काढायची. मग उरलेला भात हावरटासारखी खायची आणि खाताना रडायची. आरशात बघायची सोय नव्हती, पण चेहरा सुजून गोल झालाय हे हाताला कळत होतं.

वॉर्डात एक मावशी होती, फरशी पुसायची आणि जेवणाची ताटं वाटायची. मी पानं वेचते ते ती बघत होती. पुढच्या वेळेला माझ्या ताटात कोथिंबीर नव्हती, त्याच्या पुढच्या वेळेलाही नव्हती. सगळ्या दवाखान्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच.

बाकी भेटायला येणाऱ्यांचा उबग आला. घरच्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की ताप डोक्यात गेला. त्याला कारण होतं. स्नेहलची सोयरीक शिरूरच्या एका घराशी चालली होती, आणि ज्या घरातल्या सुनेला फिट येते त्या घराशी सोयरीक कोण करील, असं आत्यांचं म्हणणं. म्हणून कुणी आलं की आत्या माझ्या आधी बोलायच्या, "ताप व्हता, उतरला आता." आणि माणसं गेली की माझी उलटतपासणी सुरू.

"दौंडच्या ठेसनावर पाणीपुरी खाल्ली व्हतीस का न्हाई?"

"आत्या, पाणीपुरी सगळेच खातात."

"मंग कंपनीच्या क्यांटीनचं असंल. तिथं कुठली कुठली माणसं आचारी असत्यात."

खरं ठाऊक असलेल्या एका मावससासूनं तर सरळ विचारलं की नवऱ्यामागं काही चोरून खाते का मी. मी तोंड भिंतीकडे करून घेतलं. आपण सोडून बाकी सगळे घाणेरडे, हे माणसाला किती पटकन पटतं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच नेमकी गोष्ट विचारली, "कच्चं काय काय खाता?"

मी अभिमानानं सांगितलं, "बाहेरचं काही नाही. मुळा, गाजर, टोमॅटो, कांद्याची पात, सगळं घरचं. आमच्या ओट्यावरचं."

ओटे

आमच्याकडे भाजी करणारा शेतकरी दोन प्रकारची भाजी करतो. बाजारची वेगळी आणि घरची वेगळी. बाजारच्या मेथीवर, टोमॅटोवर औषधाचे फवारे मारायचे, नाहीतर व्यापारी बघत नाही. घरासाठी कडेला एक वाफा ठेवायचा, त्यावर थेंब मारायचा नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून माझी कंबर धरली होती. वाकायची बंदी होती आणि भाजी लावायची तर हौस. तेव्हा मी मोबाइलवर उंच वाफे बघितले, चौफेर भिंत बांधून मातीनं भरलेले. मामांना दाखवले. मामा म्हणाले, "ह्यो तर आपला गादीवाफाच की. जरा लईच उंच गादी." त्यांनी जुन्या घराच्या शहाबादी फरश्या उभ्या रोवून मांडीइतके उंच वाफे करून दिले. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे दिसायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना ओटे म्हणायला लागली.

माती मामांनीच भरली. ट्रॉलीनं आणली. काळी, भुसभुशीत, हातात घेतली की मऊसूत. मी विचारलं, मामा, कुठली? ते म्हणाले, "खालच्या रानातली. सोनं हाय. तुला म्हणून आणली." दर उन्हाळ्यात ते तिचा एक थर वरून टाकायचे. मला माहेरी बापानं कधी एवढा जीव लावला नव्हता.

आणि काय ते पीक! मुळे मनगटाएवढे. गाजरं इतकी गोड की मी उपटायची, पदराला पुसायची आणि तिथंच खायची. सगळ्यात नवल टोमॅटोचं. मी टोमॅटो लावलेच नव्हते. कोपऱ्याकोपऱ्यातून रोपं आपणहून उगवून आली, गच्च लागली. आत्या म्हणाल्या, देवाची देणगी. मी मीठ लावून कच्चे खाल्ले, डब्यात नेले, कंपनीतल्या मैत्रिणींना वाटले.

टँकर

दवाखान्यातून घरी आले तेव्हा ऊसतोडणी होऊन खालचं रान मोकळं झालं होतं. मला कामाला हात लावू देत नव्हते, म्हणून मी पडवीत खुर्ची टाकून बसायची. एके दिवशी दुपारी रस्त्यावरून टँकर वळला. हायवेकडच्या हॉटेलांच्या, भाड्याच्या खोल्यांच्या संडासाच्या टाक्या उपसतो तो टँकर. त्याला पुढं कुठंतरी ओतायला जागा लागते. मामा बांधावर उभे राहून हात हलवत होते. "इकडं घे! खालच्या कोपऱ्यात! मागच्याच जागंला!"

जाड पाइप सुटला. वास पडवीपर्यंत आला.

मी हा टँकर आधी बघितला नव्हता असं नाही. सगळ्यांच्याच रानात येतो तो. उसाला चालतं, ऊस काय पालेभाजी आहे का, असं सगळेच म्हणतात. मी नाकाला पदर लावायची आणि घरात जायची. त्या दिवशी मात्र मी उठून बांधापर्यंत गेले. कोपऱ्यात मागच्या खेपेचं सुकून काळंभोर झालं होतं, भुसभुशीत, मऊसूत. आणि त्यातून टोमॅटोची रोपं उगवली होती. शेकड्यानं. कुणी न लावता.

टोमॅटोचं बी माणसाच्या पोटात पचत नाही. जसं जातं तसं बाहेर येतं.

"मामा," मी म्हणाले, "ओट्यात माती हीच का?"

"व्हय," मामा खुशीत म्हणाले. "हितलीच. ह्याला आमी सोनखत म्हणतो, पोरी. माझ्या बापानं ह्याच्यावर रान उभं केलं. औषध न्हाई, युरिया न्हाई. तुला घरची भाजी पायजे व्हती ना, म्हंजी तिला चांगलंच घालाय पायजे का न्हाई?"

बाजारच्या भाजीला त्यांनी बाजारचं खत घातलं होतं. घरच्यांसाठी सोनं राखून ठेवलं होतं.

मी तिथंच बांधावर ओकले. मामा पाठीवरून हात फिरवायला आले आणि मी त्यांचा हात झटकला. त्यांच्या हातांची मला किळस आली. ती लपवताही आली नाही. मामांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, आणि तेवढ्यानं मला आणखी भडभडून आलं.

डब्या

पुढच्या तपासणीला मी हे सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कुठून आलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, घरात कुणाच्या पोटात जंत आहे का ते बघायला हवं. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने. प्लॅस्टिकच्या डब्या मिळाल्या.

या डब्यांवरून जो गोंधळ झाला तो लिहिताना आज हसू येतं. आत्यांनी आपली डबी तीन पिशव्यांत गुंडाळली आणि वर शेवंतीचा गजरा ठेवला, बसमध्ये कुणी बघितलं तर देवाला चाललोय असं वाटावं म्हणून. मामा म्हणाले, "मी मेलो तरी देनार न्हाई. मी काय पोरगी दाखवाय निघालोय?" शेवटी महेशनं शपथ घातली तेव्हा दिली. ज्या गृहस्थाला परक्यांचा टँकरभर मैला रानात चालतो, त्याला स्वतःचं डबीभर द्यायला लाज वाटते.

घरात कुणाच्याच पोटात काही निघालं नाही. मग माती उरली. मी घरात सांगितलं, ओट्यावरचं आता कुणी खायचं नाही. कुणीही वाद घातला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं.

घरची भाजी बाजारात

मी कामावर परत जायला लागले, लाइनवरून काढून मला टेबलाच्या कामाला बसवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की ओटे सुकलेले नाहीत. कुणीतरी पाणी देतंय. मुळे उपटले जातायत, नवे लावले जातायत. आमच्या ताटात मात्र मुळा नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी कंपनीला सुट्टी होती, तेव्हा बघितलं. आत्या अंगणात बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या. कोथिंबीर, पात, गाजरं, सगळं ओलं करून गोणपाटाखाली ठेवलेलं. आत्यांच्या ओळखीच्या बायका ही भाजी मागून नेतात हे मला तेव्हा कळलं. बिनऔषधाची, सुनेच्या ओट्यावरची म्हणून.

"आत्या, हे विकताय?"

"मंग सडू दिऊ? एवढं पिकलंय."

"अहो, पण मला यातूनच..."

"आपुन खात न्हाई ना?" आत्या म्हणाल्या. "मंग झालं तर."

मामा खाटेवर बसून होते. "आमची हयात गेली ह्या मातीत. मला काय झालं? तुझ्या आत्याला काय झालं? डाक्टर काय, आज एक सांगतोय, उद्या एक." असं म्हणून त्यांनी एक मुळा उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या देखत कडाकडा खाल्ला. त्याचा रस त्यांच्या हनुवटीवरून ओघळला. बघवत नव्हतं तरी मी बघत राहिले.

महेश आल्यावर त्याला सांगितलं. वाटलं, हा तरी ऐकेल. तो बूट काढत म्हणाला, "बंद करायला लावू. पण आता नको. का बंद केलं म्हणून विचारतील, मग सगळं बाहेर येईल. स्नेहलचं एकदा जमू दे."

"तोपर्यंत लोकांनी हे खायचं?"

"धुऊन खातात की लोक."

स्नेहल आतल्या दारात उभी होती. तिच्याकडे बघून मी विषय सोडला. त्या रात्रीच्या भाकरीचा एकही घास माझ्या घशाखाली उतरला नाही, आणि त्या वेळेला कारण माती नव्हती.

नसीमभाभी

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमभाभी आल्या. रस्त्यापलीकडे त्यांचं घर, नवऱ्याचं गॅरेज आहे आणि भाभी सगळ्या वस्तीचे ब्लाउज शिवतात. त्यांची रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"आगं अश्विनी, बरं झालं भेटलीस," त्या म्हणाल्या. "दोन जुड्या मुळा काढून दे बाई. बाजारात जाऊस्तवर सरंल. रेश्माला नुसता कच्चा मुळाच लागतोय, मीठ लावून. मी म्हनलं, औषध मारलेला नगं, आपल्या अश्विनीच्या ओट्यावरचा आनते."

आत्या पुढं झाल्या होत्या. भाभींच्या पिशवीत त्यांनी दोन जुड्या घातल्या आणि वर एक कोथिंबिरीची. "ही अशीच ऱ्हाऊ दे, पोरीला."

मला आठवतं, मी आधी आत्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या वाईट बाई नाहीत. ती कोथिंबीर त्यांनी मनापासून घातली होती. म्हणूनच मला ते सोसेना.

"भाभी, तो मुळा नेऊ नका."

"का गं?"

"अश्विनी!" आत्या म्हणाल्या.

"मला ताप नव्हता आला, भाभी. मला फिट येते. मेंदूत जंताची गाठ झाली होती. या ओट्यात संडासाच्या टँकरची माती आहे, त्यातून झालं असावं. रेश्माला यातलं काही कच्चं देऊ नका."

आमच्या घरात कुणी परक्यापुढं उच्चारला नव्हता तो फिटचा शब्द अंगणात उभं राहून बोलून झाला. भाभींनी पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला चांगलं ओळखू आलं, कारण ते मी महिनोन्‌महिने आतून अनुभवत होते.

"आन् मागच्या बाजाराला नेला त्यो?" भाभींनी हळूच विचारलं. "त्याच्या मागच्या?"

त्यांनी पिशवी अंगणातच ठेवली आणि घाईघाईनं रस्ता ओलांडून गेल्या.

नंतर

बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या वस्तीत गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी मला वाण दिलं ते लांबूनच, हाताला हात लागू न देता. आमच्याकडे कुणी चहा घेईना. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली. हा आजार शेजारी बसून होत नाही, पण ते सांगायला आधी कुणी शेजारी बसायला हवं. शिरूरहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी आधीच जुळवून बघितली होती. स्नेहल माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि मी तिला दोष देत नाही.

महेश चिडला, मग एक दिवस आपणहून माझ्या गोळ्या आणून उशाशी ठेवल्या. आमचं तेवढ्यावर चाललंय. गोळ्या चालू आहेत तोवर बाळाचा विचार डॉक्टरांना विचारूनच करायचा आहे, त्यावरून आत्या अधूनमधून मोठा सुस्कारा टाकतात. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ सुकून ठिपका झालेली दिसली. तो मेलेला ठिपका आता आयुष्यभर डोक्यात राहील. त्याच्यासकट जगायचं. नको म्हणून जातोय थोडाच.

मामांनी ओटे मोडले. कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी फरश्या उपटल्या, माती घमेल्यांनी भरून खालच्या रानात नेऊन टाकली. पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा ते बांधावर आडवे उभे राहिले. "आमच्यात नगं," म्हणाले. ड्रायव्हर हसला. "मग शेजारी वततो, मामा. ते कवाधरनं मागत्यात." आणि टँकर शेजारच्या रानात वळला. त्याच्या पलीकडच्या बांधावर आणखी एक जण वाट बघत उभा होता.

माझ्या हातचं पाणी पिणं लोकांना नको होतं, टँकर मात्र हवाच होता. त्या टँकरकडे कुणी नाक मुरडून बघितलं नाही. मला त्या दिवशी सगळ्या गावाची किळस आली. त्यात आमचं घर आलं, मी आले, आणि धोतराला हात पुसत घराकडे परत येणारे मामाही आले. ते माझ्यासमोर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी तुला चांगलंच द्याया गेलतो गं." मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं.

त्यानंतर काही दिवसांनी दारात नसीमभाभी उभ्या होत्या. बरोबर रेश्मा, पोटावर हात धरून. मला वाटलं, भांडायला आल्या. मी उठून उभी राहिले.

"बस, बस," भाभी म्हणाल्या. "हिला डाक्टरला दावून आणली. त्या म्हणल्या, आत्ता काय लक्षन न्हाई, बाळ व्हऊ द्या, ध्यान ठेवा. तुझ्या डाक्टरचं नाव दे मला. हिला काय झालंच तर कुठं न्यायचं ते ठावं असूं दे."

मी नाव सांगितलं, फिट आली तर काय करायचं तेही सांगितलं. रेश्मा घाबरलेली होती. तिनं विचारलं, "लई दुखतं का?" मी म्हणाले, दुखत नाही, किळस येते. ती जरा हसली.

मी पाणी आणायला उठले आणि मधेच थांबले. भाभींनी ते बघितलं. "आण की," म्हणाल्या. मी तांब्या आणला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आधी रेश्माला दिला, मग स्वतः प्यायल्या.

आतल्या दारात आत्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामा पडवीत बसले होते. तांब्या खाली ठेवून भाभींनी पदरानं तोंड पुसलं.

"आता एक सांग," त्या म्हणाल्या. "टँकर कुणाकुणाच्या रानात पडतोय? आमी तर सगळ्यांकडनंच भाजी घेतो."

आत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. या वस्तीत आम्हाला जन्म काढायचा आहे. मी खाली बसले आणि एकेक घर सांगायला लागले. पहिलं नाव आमचं घेतलं.